गट दोनचे सहा रोगी

“रोगी कुठाय?” प्रयागबाईंनी मला पहिल्याच भेटीत विचारलं.

मी पोलादपूरच्या पलीकडे, कापडे गावात त्यांच्या ओटीवर बसले होते. पायाला पोटरीपर्यंत चिखल, मांडीवर वही, हातात उघडं पेन. मला फक्त एका झाडाचं नाव हवं होतं. नाव नसेल सांगायचं तर निदान झाड तरी, मुळासकट आणि फुलासकट. जेवायच्या आत परत येते, असं मी निघताना नवऱ्याला सांगून आले होते.

“रोगी महाडला आहेत मावशी, आमच्या कॉलेजात.”

“किती?”

“तीस.”

त्या सावरून बसल्या. “तीस? साथ आली काय गो?”

“उंदीर आहेत,” मी म्हटलं.

दाराशी उभा असलेला हैबती छपराची कौलं मोजायला लागला. हैबती म्हणजे आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्राणिघराचा सर्वेसर्वा. पिंजरे धुतो, उंदरांना खाणंपिणं घालतो आणि माझी बोलणी खातो. प्रयागबाई त्याची सख्खी आत्या. दोन पावसाळ्यांपूर्वी त्याला कावीळ झाली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती त्याने घेतली, आणि आत्याने दिलेली पुडीही घेतली. बरा झाल्यावर उरलेली पुडी त्याने मला आणून दिली. मॅडम, तुम्ही झाडपाल्याचंच शिकवता ना, बघा काय हाय ते, म्हणाला. त्या दिवसापासून माझ्या डोक्याला हा ताप झाला.

मी शुभदा. सतरा वर्षं वनौषधी शिकवते आणि आठ वर्षं पीएचडी करते. आठ म्हटलं की लोक दयेने बघतात, आणि मला दया अजिबात खपत नाही, म्हणून आधीच सांगते. दोन वर्षं कोविडने खाल्ली. एक वर्ष पुराने खाल्लं. सावित्री नदी कॉलेजच्या तळमजल्यात शिरली आणि माझी तीन रजिस्टरं घेऊन तुडीलच्या दिशेने निघून गेली. उरलेली पाच वर्षं माझी मीच घालवली, ते मी नाकारत नाही.

विषय साधा आहे. झाडाच्या अर्काने लिव्हरचं नुकसान भरून निघतं का? उंदरांना सीसीएल-फोर नावाचं रसायन टोचलं की त्यांची लिव्हर बिघडते. लिव्हर बिघडली की रक्तात एसजीपीटी वाढतं. मग औषध द्यायचं आणि ते किती उतरतं ते बघायचं. हैबतीच्या पुडीचा मी अल्कोहोलमध्ये अर्क काढला, थोड्या उंदरांना दिला, आणि एसजीपीटी चक्क उतरलं. मी आनंदाने माझे गाइड अवधूत सर यांना मुंबईला फोन केला. ते म्हणाले, “फारच छान. झाड कुठलं?”

तिथे गाडी अडली. पुडीतली भुकटी बघून झाडाचा दाखला कोणी देत नाही. झाड दाखवावं लागतं, दाबून वाळवून कागदावर चिकटवावं लागतं, तज्ज्ञाची सही घ्यावी लागते. आणि विद्यापीठाचं शेवटचं पत्र ऑगस्टच्या सुरुवातीला आलं होतं. एकतीस ऑक्टोबरपर्यंत प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द. म्हणजे आठ वर्षं पाण्यात, आणि निवृत्त होईपर्यंत स्टाफरूममध्ये ‘मॅडमचं तेवढं राहूनच गेलं’ हे ऐकत चहा प्यायचा. त्यापेक्षा मी चहा सोडला असता.

“नाव सांगता येत नाय,” प्रयागबाई म्हणाल्या. “तोंडातून नाव गेलं की गुण जातो. माज्या सासूनं मला पण नाव नाय सांगितलं. झाड दाखवलं.”

“मग मला दाखवा.”

“आधी रोगी बघू दे. रोगी बघितल्याबिगर मी औषध देत नाय. दुसऱ्याच्या हातून पण देत नाय. सात दिवस माज्या हातानं देणार. आठव्या दिवशी बरा झालेला रोगी नारळ घेऊन तोंड दाखवायला येणार. मग बघू झाडाचं.”

“उंदीर आणू इथे? नारळ घेऊन?”

“तू आण की नारळ. त्यांना कुठं सांगतेय.”

मी हो म्हटलं. मला त्या क्षणी झाडापलीकडे काही दिसत नव्हतं. प्रयोगाच्या आठव्या दिवशी उंदरांना भूल देऊन मारतात आणि लिव्हर काढून बाटलीत ठेवतात, हे मला अर्थातच ठाऊक होतं. ते मी बोलले नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता, एमआयडीसीच्या पहिल्या पाळीच्या बसगाड्यांमधून वाट काढत, हैबती आत्याला मोटारसायकलवर घेऊन आला. प्राणिघरात बाहेरच्या माणसाला बंदी असते. मी नोंदवहीत ‘तज्ज्ञ’ असं लिहिलं आणि अंगठ्यासाठी शाई पुढे केली. त्यांनी अंगठा नाकारून सही केली, माझ्यापेक्षा बऱ्या अक्षरात. मग नऊवारीवर पांढरा एप्रन चढला, अंबाड्यावर कागदी टोपी बसली, आणि तज्ज्ञ आत आल्या.

आमचे उंदीर पांढरे. कोण कुठला ते कळावं म्हणून आम्ही त्यांना पिक्रिक अॅसिडचे पिवळेधमक ठिपके लावतो, एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीला. ते पाहून प्रयागबाईंनी पदर तोंडाला लावला.

“हैबत्या, ह्यांची कावीळ पार अंगावर फुटली हाय रे.”

“रंग हाय तो आते. मीच लावलाय.”

“गप. मला शिकवतोस?”

पण मग त्यांनी एकेक उंदीर हातात घेतला, कान उजेडात धरले, तळपाय बघितले, शेपटीचं मूळ बघितलं. डोळे सोडून दिले, कारण आमच्या उंदरांचे डोळे जन्मतःच लाल. दहा मिनिटांनी त्यांनी एका पिंजऱ्यावर बोट ठेवलं. “ह्यांना कायएक झालेलं नाय. हे फुकट बसलेत.”

मी पिंजरा फिरवला. कार्ड भिंतीकडे होतं. गट एक, निरोगी, रसायन दिलेलं नाही. माझ्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांना हे रक्त तपासूनही जमत नाही.

मी त्यांना बाकीचे गट समजावले. एकेका पिंजऱ्यात सहा. गट तीनला कंपनीचं औषध, चारला माझा अर्क, पाचला त्यांचा ताजा रस.

“आन् दोन?”

“त्यांना काही नाही.”

“आजारी नायत?”

“आहेत. पण औषध द्यायचं नाही.”

“ह्यांनी काय घोडं मारलंय?”

मी सांगितलं. सहा जण बिनऔषधाचे ठेवले नाहीत तर बाकीचे औषधाने बरे झाले की आपोआप, हे कळणार कसं?

“बरा झाला की कळतं,” त्या म्हणाल्या. “माज्या दारात आलेल्याला मी आजपर्यंत बिनऔषधाचा परत धाडला नाय.”

मला आठची तासिका होती, रात्री झोप नव्हती आणि जीभ तशीही माझ्या ताब्यात नसते. “मावशी, तुमच्याकडे आलेले निम्मे रोगी औषध न घेताही बरे झाले असते.”

प्रयागबाईंनी हातातला उंदीर हळूच पिंजऱ्यात ठेवला.

“असतील,” त्या म्हणाल्या.

त्या भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मी तासिकेला गेले आणि पाऊण तास पोरांवर उगाच खेकसले. मला माझी लाज वाटत होती, पण परत जाऊन तसं म्हणायचा धीर झाला नाही.

पुढचे सात दिवस तज्ज्ञ रोज हजर. पहाटे पानं वाटून, तांदळाच्या धुवणात कालवून, स्टीलच्या घट्ट झाकणाच्या डब्यात रस यायचा. पहिल्या दिवशी मी निर्लज्जपणे भिंग घेऊन डब्यात डोकावले. हिरवं पाणी, बाकी काही कळेना. त्यांनी झाकण लावलं आणि म्हणाल्या, “लेकीच्या वयाची हायस म्हणून बोलत नाय.” मात्र मापाच्या बाबतीत त्या माझ्याहून कडक निघाल्या. उंदराच्या वजनाप्रमाणे रस मोजायचा म्हटल्यावर त्यांना ते पटलं. थोराला आणि पोराला त्याही वेगळंच माप देत. आठ वाजले की मी तासिकेला जायचे. परत येईपर्यंत त्या स्टुलावर बसून उंदरांना गावाकडच्या गोष्टी सांगत असायच्या. कुणाच्या भातावर करपा आला, कुणाची सून माहेरी गेली. उंदीर ऐकायचे. मला वाटलं, चला, म्हातारी रमली.

आठव्या दिवशी सकाळी सगळ्यांचं रक्त घेतलं आणि नमुने यंत्रात गेले. आकडे येईपर्यंत आम्ही पुढचं काम सुरू केलं. गट एक, तीन, चार, पाच झाले. गट दोनची पाळी शेवटी होती. तेवढ्यात कागद हातात आला.

निरोगी उंदरांचं एसजीपीटी चाळीसच्या आसपास, बरोबर. कंपनीचं औषध सत्तर. माझा अर्क शहाण्णव. प्रयागबाईंचा रस बासष्ट. वा, मी मनात म्हटलं, माझ्यापेक्षा पाटावरवंटा हुशार निघाला. आणि गट दोन, ज्यांना काहीही दिलेलं नव्हतं, जे दोनशेच्या वर असायला हवे होते, ते पासष्ट.

मी यंत्राला दोष दिला. यंत्र चालवणाऱ्या मुलीला दोष दिला. नमुने पुन्हा लावले. चौसष्ट आलं. मग मी हैबतीला हाक मारली.

“हैबती, गट दोनला कोणी काही दिलं?”

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. “मी तोंड फिरवून उभा होतो मॅडम.”

“किती दिवस?”

“सातही.”

“आणि मला बोलला नाहीस?”

“आते म्हणाली, विचारलं तरच सांग. तुमी आज विचारलंत.”

म्हणजे मी तासिकेला गेले की डब्यातला उरलेला रस भाताच्या शितांत कालवून, हाताने, एकेकाला. मी खाद्याच्या पोत्यावर बसले आणि सरळ रडले. रागाने रडले, आठ वर्षांच्या नावाने रडले, आणि थोडं त्या बाईवर चिडताही येत नाही म्हणून रडले. अवधूत सरांना फोन केला. ते म्हणाले, “कंट्रोल गट नाही तर प्रयोग नाही, शुभदा.” हे मला माहीत होतं. हे मीच दरवर्षी फळ्यावर लिहिते.

आता एकच वाट होती. सगळं पुन्हा करायचं. नवे तीस उंदीर, तोच ताजा रस, आणि या खेपेला दाखल्यासाठी झाड. झाड प्रयागबाईंच्या हातात होतं, आणि आठवा दिवस आजच होता. गट दोनचे सहा उंदीर प्रयोगाच्या दृष्टीने कामातून गेले होते, त्यामुळे ते जिवंत होते. मी त्यांचा पिंजरा उचलला, हैबतीला वाटेत एक नारळ घ्यायला सांगितलं आणि त्याच्या मागे बसले. मांडीवर पिंजरा घेऊन मी पोलादपूर ओलांडलं. नाक्यावर एकाने विकायचे आहेत का म्हणून विचारलं, त्याला मी काय उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

खोटं बोलायचं वाटेतच ठरवलं होतं. बाकीचे कॉलेजात आहेत, असं सांगायचं. बाटल्यांच्या हिशेबाने ते खरंही होतं.

प्रयागबाईंनी ओटीवर पिंजरा ठेवून घेतला, नारळाला हळदकुंकू लावलं, एकेकाचे कान बघितले. त्यांचा चेहरा फुलला. “बघ कसे लाल झालेत. आन् बाकीचे?”

“मावशी, तुम्ही यांना रस दिलात.”

“दिला. मग? तुज्या समोर दिला असता तर तू देऊ दिला असतास?”

“नाही.”

“म्हणून. बाकीचे कुठायत?”

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं, आणि ठरवलेलं खोटं माझ्या तोंडातून काही निघेना.

“बाकीचे मारले. आज सकाळी, भूल देऊन. लिव्हर बाहेर काढून बघावी लागते. त्याशिवाय बरी झाली की नाही हे कोणी मानत नाही. मी तुम्हाला हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात, म्हणून नाही सांगितलं.”

हैबती पुन्हा कौलं मोजायला लागला. आत गाय हंबरली. झाड गेलं, मी मनात म्हटलं, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी मला झाडापेक्षा त्या बाईच्या चेहऱ्याचं जास्त वाईट वाटत होतं.

“काळीज बघितलंस तू? डोळ्यांनी?”

“हो.”

“पन्नास वर्षं मी डोळे बघते, नखं बघते, जीभ बघते. ज्याला औषध देते ते काळीज आजपर्यंत बघितलं नाय. दाखव.”

काळीज म्हणजे त्यांच्या भाषेत लिव्हर. सकाळी काढलेले फोटो होते, मी फोन काढला. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि मग काचेला लावलं. दोन बोटांनी चित्र मोठं कसं करायचं ते मी दाखवलं, त्यांना ते लगेच आलं. निरोगी उंदराची लिव्हर गडद, गुळगुळीत. माझ्या अर्काची जरा फिकी, ठिपक्याठिपक्यांची. त्यांच्या रसाची जवळजवळ निरोग्यासारखी, फक्त एका कडेला पांढुरकी. ती कड त्या कितीतरी वेळ बघत होत्या. “हितं अजून आठ दिवस पायजे होते,” असं पुटपुटल्या. मग पुढे सरकवलं, मागे आणलं, पुन्हा पुढे सरकवलं.

“औषध न दिलेल्याचं कुठाय?”

“कशाला हवंय?”

“कशाला म्हंजे? माजं बरं झालं म्हणायचं, पण बिघडलं होतं किती? ते नको बघायला?”

पिंजऱ्यात गट दोनचे सहा जण खोबऱ्याच्या तुकड्यावरून भांडत होते. प्रयागबाईंची नजर फोनवरून पिंजऱ्याकडे गेली आणि तिथेच राहिली.

“ते मीच घालवलं,” त्या म्हणाल्या.

“हो, मावशी.”

त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ओंजळीत तांदूळ आणि एक सुपारी होती. “चल,” म्हणाल्या. परसदारी, भातखाचराच्या बांधावर, त्या एका वीतभर झाडापुढे वाकल्या, तांदूळ ठेवले, सुपारी ठेवली. “उद्या सकाळी तुला न्यायला येते,” झाडाला म्हणाल्या. “ही पाव्हणी हाय घरची. राग धरू नको.” आवतण दिल्याशिवाय त्या पान तोडत नाहीत.

मी बघतच राहिले. सतरा वर्षं वनौषधी शिकवणारी मी, आमच्या सायकल स्टँडमागे ते झाड रोज पायाखाली घालत होते.

“मावशी, मला त्याचं नाव प्रबंधात लिहावं लागेल.”

“नाव नाय.”

“मराठी नाही लिहीत. लॅटिन लिहिते.”

“ती भाषा ह्याला येते?”

“नाही.”

“मग लिही.”

म्हणून इथेही मी ते मराठीत लिहीत नाही.

निघताना त्यांनी पिंजरा दिला नाही. “हे सहा हितं राहतील. ह्यांचं तोंड दाखवून झालंय.” हैबती मांजराचं काहीतरी म्हणायला गेला आणि गप्प बसला. मी चपला घालत होते तेव्हा त्यांनी विचारलं, “परत तीस करशील?”

“करायला लागतील.”

“ते पण मारशील?”

“हो.”

“सहा तसेच ठेवशील, बिनऔषधाचे?”

“ठेवायलाच लागतील मावशी.”

त्यांनी दाराच्या चौकटीला हात लावला. त्यांना किती जड जात होतं ते मला दिसत होतं, आणि मी काही मदत करू शकत नव्हते. “ठेव,” त्या म्हणाल्या. “पण कोणते ते मला सांगू नको. मला कळलं तर माजा हात राहायचा नाय.”

कोणता गट बिनऔषधाचा ते देणाऱ्यालाही कळू नये, हीच गोष्ट शिकवायला मी वर्गात दोन तासिका घेते, आणि परीक्षेत ती अर्ध्या पोरांना येत नाही.

तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी सातला, त्या डबा घेऊन आल्या. पिंजऱ्यांवर एकही कार्ड नव्हतं. त्यांनी सही केली, एप्रन घातला, टोपी घातली. या खेपेला स्वतःच्या हाताने द्यायचा हट्ट नव्हता. त्यांनी डबा माझ्या हातात दिला, स्टूल ओढलं आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

“हैबत्या,” त्या म्हणाल्या, “आता तू बघ रे.”

सातही दिवस त्या तशाच बसल्या. भिंतीला गावाकडच्या गोष्टी सांगत.